कोलकात्याचा ससा आणि हृदय-फुप्फुस यंत्रावरचा उंदीर

शस्त्रक्रियागृहात काही काळ माणसाचे हृदय थांबलेले असते आणि माणूस मात्र जिवंत असतो. त्याचे रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरते, यंत्रात कर्बवायू सोडून प्राणवायू घेते आणि पंपाच्या जोरावर पुन्हा धमनीत परतते. हृदय आणि फुप्फुसे या दोघांचेही काम तेवढा वेळ हे यंत्र करते. 'बायपास' हा शब्द आपल्याकडे हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिन्यांना जोडरस्ता देणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी रूढ झाला आहे. या लेखात तो हृदय-फुप्फुसांना वळसा घालणाऱ्या यंत्राच्या अर्थाने घ्यावा.

हे यंत्र माणसाआधी मांजराच्या उपयोगी पडले. बोस्टनमधील तरुण शल्यचिकित्सक जॉन गिबन यांनी फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकलेल्या एका स्त्रीच्या उशाशी बसून रात्र काढली होती. तिच्या नसांतले काळवंडलेले रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते परत देता आले असते तर, हा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. पत्नी मेरी यांच्या सोबतीने त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि १९३५ मध्ये फुप्फुसाची धमनी पूर्ण बंद केलेले मांजर यंत्राच्या आधाराने जगवून दाखवले. माणसावरील पहिले यश त्यानंतर अठरा वर्षांनी, ६ मे १९५३ रोजी, फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बुजवताना मिळाले. त्या वेळी २६ मिनिटे तिचा प्राण सर्वस्वी यंत्रावर होता.

यंत्र रुळले, जगभर पसरले, आणि मग त्याचे दुसरे अंग दिसू लागले. रक्ताला रक्तवाहिनीच्या जिवंत अस्तराचीच सवय असते. प्लास्टिकच्या नळीला स्पर्श होताच ते शत्रू आल्यासारखे वागते. रक्तातील संरक्षक प्रथिनांची साखळी जागी होते, पांढऱ्या पेशी चवताळतात, बिंबिका चिकटू लागतात. गोठू नये म्हणून रक्तात हेपारिन घालावे लागते आणि शेवटी त्याचा परिणाम उतरवावा लागतो. कुणाची फुप्फुसे सुजतात, कुणाचे मूत्रपिंड मंदावते, कुणाला महिनोन्महिने नावे आठवत नाहीत. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, २६१ रुग्णांच्या अभ्यासात घरी जाताना ५३ टक्के रुग्णांची आकलनशक्ती घटलेली आढळली. सहा आठवड्यांनी हे प्रमाण ३६ टक्के आणि सहा महिन्यांनी २४ टक्के होते. पाच वर्षांनी मात्र ते पुन्हा ४२ टक्क्यांवर गेले होते.

यात दोष कुणाचा? यंत्राचा? भुलीच्या औषधाचा? छातीच्या हाडावरील घावाचा? महाधमनीच्या कठीण झालेल्या भिंतीतून सुटलेल्या कणांचा? की रुग्णाच्या मूळच्या आजाराचा आणि वयाचा? रुग्णाच्या देहात ही सारी कारणे एकाच वेळी, एकमेकांत गुंतून हजर असतात. आणि निरोगी माणसाला केवळ 'काय होते ते पाहू' म्हणून यंत्रावर चढवणे कुठल्याही नीतीत बसत नाही.

म्हणून संशोधक पांढऱ्या उंदराकडे वळले. साडेतीनशे ग्रॅमच्या उंदराच्या देहात रक्त असते ते वीस-बावीस मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपाच्या तळाशी राहील इतके. माणसासाठीच्या यंत्राच्या नळ्या भरायलाच लिटरभर द्रव लागतो. तेव्हा उंदरासाठी सारी मांडणी नव्याने, खेळण्याएवढी लहान करावी लागली. तरीही नळ्या भरण्यासाठी दुसऱ्या उंदरांचे रक्त वापरावे लागे. ड्यूकमधील गटाने मानेतील नीलेतून रक्त काढून शेपटीच्या धमनीतून परत देण्याची रीत बसवली. या रीतीत छाती उघडावीच लागत नाही. हृदयाला हात लागत नाही, हाड कापले जात नाही, उंदीर तरुण व निरोगी असतो. सोबतीला दुसरा उंदीर असतो: त्याला तीच भूल, त्याच नळ्या, फक्त पंप चालू केलेला नाही. दोघांत उरतो तो एकच फरक. २००१ मध्येच या गटाने दाखवले, की तासभर यंत्रावर राहिलेले उंदीर पाण्यात दडवलेला चौथरा शोधण्यात आपल्या जोडीदारांहून मागे पडतात.

या पद्धतीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. लहान प्राणी माणसासारखा असतो म्हणून तो उपयोगी पडतो, असे नाही. माणसाच्या देहात गुंतलेल्या दहा प्रश्नांपैकी एकच सुटा करून त्याच्यावर विचारता येतो, म्हणून तो उपयोगी पडतो. भारतात हा धडा सर्वांत लखलखीतपणे लिहिला गेला तो हृदयावर नव्हे, तर कॉलऱ्यावर. कोलकात्यात, एका सशाच्या आतड्याच्या चार इंच तुकड्यावर. हृदय-फुप्फुस यंत्रावरच्या उंदराकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे समजून घ्यायचे तर हा ससा आधी पाहिला पाहिजे.

शंभुनाथ दे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी या गावचा. घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्तीच्या बळावर ते कोलकाता मेडिकल कॉलेजात शिकले, १९३९ मध्ये डॉक्टर झाले आणि विकृतिशास्त्राच्या विभागात रमले. १९४७ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली गेले. तेथे त्यांचा विषय होता फुप्फुस. मेंदूभोवतीच्या द्रवात एका विशिष्ट ठिकाणी फायब्रिन तयार होईल असे केले, की उंदीर आणि सशांच्या फुप्फुसात झपाट्याने पाणी भरते, हे कॅमेरॉन आणि दे यांनी १९४९ च्या शोधनिबंधात मांडले. इजा मेंदूपाशी आणि पूर मात्र फुप्फुसात. भलत्या जागी साचलेले पाणी दिसले, की 'ते इथवर आले कसे' हा प्रश्न विचारायची सवय त्यांना येथेच लागली असावी. पीएच.डी. घेऊन ते १९४९ मध्ये परतले, आणि नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात काम करू लागले.

त्या काळचे कोलकाता म्हणजे कॉलऱ्याचे माहेरघर. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातून ही साथ एकोणिसाव्या शतकात जगभर गेली. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'पटकी' हा शब्द ज्या धास्तीने येई, त्या धास्तीचे कारण हेच. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन सुकून जाई. डोळे खोल, कातडी सुरकुतलेली, नाडी लागत नाही. शुद्ध मात्र बहुतेक शेवटपर्यंत शाबूत. दे यांच्यासमोर हे रुग्ण रोज येत होते.

रोगाचा जंतू ठाऊक होता. १८८३ च्या डिसेंबरात रॉबर्ट कॉख कोलकात्यात आले होते. येथेच त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला आणि बेलियाघाटा भागातील एका तळ्याच्या पाण्यातही तो शोधून काढला. हा जंतू काही विष सोडत असावा, असा तर्कही त्यांनी केला होता. परंतु रोगजंतू सिद्ध करायचा तर तो प्राण्यात घालून तोच रोग उठवून दाखवावा लागतो, आणि तेथे कॉख यांची वाट अडली. बर्लिनहून सोबत आणलेल्या उंदरांना जंतू खाऊ घातले, इतर प्राणी पाहिले. कुणालाच कॉलरा होईना. हा रोग निसर्गतः माणसाचाच.

यापुढची साठ वर्षे वैद्यक एका चुकीच्या वाटेने गेले, आणि ती वाट दाखवली ती एका लहान प्राण्यानेच. कॉख यांचे शिष्य रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास गिनिपिगच्या पोटाच्या पोकळीत कॉलऱ्याचे जंतू टोचले. प्राणी गारठून, कोसळून मेले. मेलेल्या जंतूंनीही तेच घडले. फायफर यांनी निष्कर्ष काढला, की जंतू मरून फुटल्यावर त्याच्या देहातून जे विष सुटते तेच घातक. त्याला 'अंतर्विष' हे नाव मिळाले. निरीक्षण खरे होते. असे विष आहेच. पण गिनिपिगला जुलाब झाले नव्हते. तो कोसळला आणि कॉलऱ्याचा रुग्णही कोसळतो, एवढ्या साम्यावर दोन वेगळ्या गोष्टी एक मानल्या गेल्या. विष रक्तात जाते, सारे शरीर बिघडवते, आतड्याचे अस्तर झडून जाते आणि म्हणून पाणी जाते, असे चित्र पाठ्यपुस्तकांत रुजले. अस्तरच झडले असेल तर तोंडाने पाणी देऊन उपयोग काय, हा पुढचा निष्कर्ष त्यातूनच आला.

दे यांनी प्रश्न उलटा केला. रुग्णाच्या देहात नेमके बिघडते कुठे? जुलाब आतड्यातून होतात, जंतू आतड्यातच राहतो, रक्तात तो सापडत नाही. मग आतडेच का पाहू नये, बाकीचे शरीर बाजूला ठेवून?

अडचण अशी, की प्रौढ सशाला तोंडाने जंतू पाजले तर त्याला काही होत नाही. जठरातील आम्ल जंतू मारते. वाचलेल्यांना आतड्याची हालचाल पुढे ढकलून देते. दे आणि त्यांचे सहकारी डी. एन. चटर्जी यांनी हे दोन्ही अडथळे एकाच युक्तीने दूर केले. सशाला भूल देऊन पोट उघडायचे, लहान आतड्याचा साधारण चार इंचांचा भाग रक्तपुरवठा न तोडता रेशमी दोऱ्याने दोन्ही टोकांना बांधायचा, त्या बंद भागात जंतूंचे एक मिलिलिटर मिश्रण टोचायचे आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पोट उघडले, की तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला असे, आणि आतले पाणी रुग्णाच्या जुलाबासारखेच दिसे. जंतू नसलेला द्रव टोचलेला तुकडा मात्र रिकामा, चपटा. १९५३ मध्ये हा चार पानांचा शोधनिबंध इंग्लंडमधील विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात आला.

गिबन यांच्या यंत्राने माणसाचे प्राण प्रथम राखले, तेही वर्ष हेच. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण यंत्रावरच्या उंदरात आणि बांधलेल्या आतड्याच्या सशात एक नाते आहे. उंदरात छाती न उघडता केवळ पंप शिल्लक ठेवला. सशात जठर, हालचाल, उरलेले आतडे हे सारे वगळून केवळ जंतू आणि अस्तर समोरासमोर आणले. दोन्हीकडे बुद्धी लागली ती काय जोडावे यासाठी नव्हे, काय वगळावे यासाठी.

असाच प्रयोग १९१५ मध्ये व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो या संशोधकांनी करून फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केला होता. तो विस्मरणात गेला होता. प्रयोग हातात असणे वेगळे आणि त्याला विचारायचा प्रश्न हातात असणे वेगळे, याचे हे बोलके उदाहरण आहे. दे यांच्याकडे प्रश्न होता, म्हणून ते पहिल्या यशापाशी थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कसोटी ई. कोलाय या आतड्यातील नेहमीच्या जंतूला लावली आणि जुलाबाच्या रुग्णांतील काही वाणही तुकडा फुगवतात हे दाखवले. पोरांच्या जीवावर उठणारे कितीतरी अतिसार कॉलऱ्याच्याच रीतीने घडतात, या पुढच्या ज्ञानाची ही पायरी होती.

मग आला निर्णायक प्रयोग. १९५५ पासून दे कोलकाता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनी जंतू द्रवात वाढवले, मग तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून काढला की एकही जंतू त्यात राहू नये, आणि तो जंतुविरहित गाळीव द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात टोचला. तुकडा फुगला. जिवंत जंतूची गरज नव्हती, मेलेल्या जंतूच्या देहाचीही नव्हती. जंतू जगताना जे बाहेर टाकतो तेच आतड्याला पाणी सोडायला लावते. कॉख यांच्या तर्काला पाऊणशे वर्षांनी, त्याच शहरात पुरावा मिळाला. ३० मे १९५९ च्या 'नेचर' साप्ताहिकात हा जेमतेम दोन पानांचा निबंध आला.

मराठी वाचकाला या कथेत एक मुंबईकर ससाही भेटतो. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्त आणि त्यांचे सहकारी याच कोड्याशी वेगळ्या बाजूने झुंजत होते. या संस्थेचे मूळपुरुष वाल्डेमार हाफकिन यांनी १८९४ मध्ये कोलकात्याच्या वस्त्यांत कॉलऱ्याची लस टोचली, आणि १८९६ मध्ये प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत ते आले; दोन शहरांचा हा धागा जुनाच. दत्त आणि हब्बू यांनी १९५५ मध्ये दाखवले, की प्रौढ ससा दाद देत नसला तरी त्याच्या दूधपित्या पिल्लाला कॉलऱ्यासारखे जुलाब करता येतात. १९५९ मध्येच दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवंत जंतू नसलेल्या अर्कानेही पिल्लांना जुलाब होतात, असे अमेरिकेतील जंतुशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. एकाच वर्षी, एकाच देशातल्या दोन शहरांत, दोन वेगवेगळ्या सशांनी एकच उत्तर दिले.

या दोन सशांतला फरक महत्त्वाचा आहे. बांधलेला तुकडा कारण दाखवतो. पण त्या सशाला कॉलरा झालेला नसतो. पिल्लू खरोखर आजारी पडते, सुकते, मरते; त्यावर औषध पाहता येते, पण कोणत्या कारणाने काय झाले हे सांगणे अवघड. एक नमुना प्रश्न सुटा करतो, दुसरा रोगाचे पूर्ण रूप दाखवतो. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही. हृदय-फुप्फुस यंत्राच्या संशोधनातही अशीच वाटणी आहे: उंदरात कारणांचा शोध, आणि माणसाच्या आकारमानाशी जुळणाऱ्या डुक्कर-मेंढीसारख्या मोठ्या प्राण्यांत खऱ्या उपकरणाची परीक्षा.

सशाच्या उत्तराचे माणसासाठी मोल काय ठरले? अस्तर झडते की टिकते हा प्रश्न आता कळीचा झाला. १९६० मध्ये गँगरोसा आणि सहकाऱ्यांनी बँकॉकमध्ये रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले. अस्तर शाबूत होते. पुढे १९६९ मध्ये फिंकेलस्टीन आणि लोस्पालुटो यांनी विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते अस्तराच्या पेशीला चिकटते, आतील एक संदेशरसायन वाढवते, पेशी क्षार बाहेर टाकू लागते आणि क्षारामागे पाणी जाते, हे उलगडत गेले. पाणी केशवाहिन्यांतून झिरपत असावे, असे दे यांनी सुरुवातीला सुचवले होते. ते स्पष्टीकरण मागे पडले, त्यांचा प्रयोग मात्र उभा राहिला. पेशी जिवंत असेल तर तिच्याकडून काम करून घेता येते: साखर आणि मीठ एकत्र दिले की ती दोन्ही आत ओढते आणि पाणीही सोबत येते. जलसंजीवनीचे शास्त्र ते हेच.

जलसंजीवनी एकट्या सशातून निघाली, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. कोलकात्याचेच हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच १८६ रुग्णांना तोंडाने क्षार-साखरेचे पाणी देऊन बरे केल्याचे 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. साखर आणि सोडियम आतड्यात जोडीने शोषले जातात हे परदेशी शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी दाखवले. १९६८ मध्ये ढाक्यात त्याची रीतसर चाचणी झाली. सशाने दिली ती या उपायाला लागणारी खात्री: आतडे मेलेले नाही. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांनी भरलेल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचे पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. सुमारे तीस टक्क्यांवरचे मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले.

आणि शंभुनाथ दे? १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादात कॉलऱ्यावर बोलायला त्यांना सन्मानाने बोलावले गेले. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवले होते. देशात मात्र कुठल्याही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही, कुठला मोठा पुरस्कार दिला नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी ते वारले. १९८६ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी संदर्भांचा माग काढून त्यांच्या कामाचे मोल मांडले आणि १९९० मध्ये बंगळुरूच्या 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेषांक काढला, तेव्हा अनेक भारतीय वैज्ञानिकांना हे नाव प्रथम कळले. त्यांच्यापाशी मोठे उपकरण नव्हते, मोठा गट नव्हता. होते ते ससे, रेशमी दोरा, गाळणी आणि नेमका प्रश्न. भव्यतेला भुलणाऱ्या नजरेला हे दिसत नाही. आपण ते पाहायला शिकलो आहोत काय, हा प्रश्न आजही शिल्लक आहे.

आता पुन्हा यंत्रावरच्या उंदराकडे वळू. ड्यूकच्या उंदराने सांगितले, की तासभराचा पंप मेंदूवर परिणाम करतो. मग रुग्णाच्या पाच वर्षांनंतरच्या विसरभोळेपणाचा दोषही पंपाचाच काय? नेदरलँड्समधील 'ऑक्टोपस' चाचणीत २८१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांवर यंत्रासह आणि निम्म्यांवर यंत्राविना, धडधडत्या हृदयावर शस्त्रक्रिया केली होती. २००७ मध्ये पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांच्या आकलनशक्तीत फरक आढळला नाही. उंदीर खोटे बोलला नव्हता. त्याला विचारले होते, 'पंप एकटाच इजा करू शकतो का?' त्याने 'हो' म्हटले. 'साठीच्या, रक्तवाहिन्या कठीण झालेल्या माणसाच्या पाच वर्षांनंतरच्या स्मृतीला पंप जबाबदार आहे का?' हे त्याला कुणी विचारलेच नव्हते, आणि विचारले असते तरी तरुण, निरोगी उंदीर त्याचे उत्तर देऊ शकला नसता.

तीच गत औषधांची. रक्तातील संरक्षक प्रथिनांची साखळी रोखली तर यंत्राचा दाह टळेल, या तर्कावर पेक्सेलिझुमॅब नावाचे औषध आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ते आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकले नाही. तर्क खोटा नव्हता. पण माणसाच्या देहात ती साखळी एकटी नसते. फायफर यांच्या गिनिपिगपासूनची चूक हीच: प्राण्याने एका प्रश्नाचे उत्तर दिले, आपण ते दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहून ठेवले.

या साऱ्यात प्राण्याचा जीव जातो, हे विसरता येत नाही. दे यांचा निबंध आला त्याच १९५९ साली रसेल आणि बर्च या इंग्रज संशोधकांनी प्राणिप्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली आणि १९९८ च्या नियमांनी संस्थांची नोंदणी व नैतिक समितीची पूर्वसंमती आवश्यक ठरवली. सशाच्या कथेचा शेवट या तत्त्वांना धरूनच झाला. विष एकदा ओळखले गेल्यावर १९७० च्या दशकात ते काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तपासता येऊ लागले, नंतर रासायनिक आणि जनुकीय चाचण्या आल्या, आणि रोजच्या तपासणीसाठी सशाचे पोट उघडण्याची गरज फारशी उरली नाही. चांगला प्राणिप्रयोग आपली गरज स्वतःच संपवत नेतो.

म्हणून 'उंदरांवर यशस्वी' अशी बातमी वाचताना एक साधी कसोटी लावावी. प्राणी माणसाच्या किती जवळचा, हे नंतर पाहावे. आधी पाहावे, की त्या प्रयोगात काय काय वगळले होते, आणि मथळ्याने ते वगळलेले सारे गुपचूप परत घातले आहे काय. कोलकात्यात कॉलरा संशोधनासाठी १९६२ मध्ये स्थापन झालेले केंद्र आज राष्ट्रीय संस्था म्हणून बेलियाघाटातच उभे आहे. कॉख यांना ज्या भागातल्या तळ्यात जंतू सापडला, त्याच भागात. जंतू सापडण्यापासून त्याचे विष सापडण्यापर्यंत मधे पंच्याहत्तर वर्षे गेली. इतकी वर्षे जगाला प्राण्यांची वाण नव्हती; वाण होती ती त्यांना विचारायच्या नेमक्या प्रश्नाची.

#विज्ञानाचाइतिहास #शंभुनाथदे #कोलकाता #हृदयफुप्फुसयंत्र